आर्थिक गुन्ह्यांत आरोपीची बाजू: जामिनापलीकडची वकिली कुठे आणि कशी शिकायची?

खतावणी (प्रश्न)

नमस्कार. बी.कॉम. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सनद मिळाल्यावर आर्थिक गुन्ह्यांत आरोपीच्या बाजूने काम करायचं पक्कं आहे. बँकेची फसवणूक, मनी लाँडरिंग, एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा), कंपनी कायद्यातला फ्रॉड, असं सगळं. कॉलेजात दोनच वाक्यं ऐकू येतात, 'ईडीच्या केसमध्ये जामीन होत नाही' आणि 'पैसा बक्कळ आहे'. मला मधलं हवंय.

ज्युनिअरच्या हातात नेमकं काय काम येतं? केस शेवटपर्यंत चालते का, की जामीन झाला की घोंगडं भिजत पडतं? सी.ए. नसेल तर अडतं का? आणि मराठी माध्यमातून आलेल्याला मुंबईत हे झेपतं का, की आधी जिल्ह्यात पाय रोवावेत? स्फूर्तिदायक काही नको, कामाचं सांगा.

---

जुना_रोजनामा

माध्यमाचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे समज उलटा आहे. महाराष्ट्रात आर्थिक गुन्हे शाखेच्या किंवा पोलीस ठाण्याच्या चार्जशीटमध्ये फिर्याद, जबाब, पंचनामे मराठीत असतात. बँकेची सँक्शन नोट (कर्जमंजुरीचं टिपण), ऑडिट रिपोर्ट, ईमेल इंग्रजीत. उच्च न्यायालयात जाताना मराठी कागदांचं भाषांतर होतं आणि या भाषांतरात केस सांडते. मूळ जबाबात अकाउंट्सचा कारकून म्हणतो, 'साहेबांच्या सांगण्यावरून एन्ट्री मारली.' भाषांतरात त्याचं 'आरोपी क्रमांक २ च्या सूचनेवरून' होतं. कंपनीत साहेब चार आणि जबाबात नाव एकाचंही नाही. 'सही त्यांचीच असावी' याचं 'सही मी ओळखतो' होतं. मूळ जबाब स्वतः वाचणाऱ्यालाच हे दिसतं, आणि मोठ्या चेंबरमध्ये असा माणूस लागतोच. ईडी-सीबीआयचं काम मात्र जवळजवळ सगळं इंग्रजीत. लेखी इंग्रजी चोख लागतं, पण रोज दोन अर्ज ड्राफ्ट केले की दोन वर्षांत येतं.

आता काम. ते एफआयआरच्या आधी सुरू होतं. बँकेने खातं 'फ्रॉड' ठरवण्याआधी कर्जदाराचं म्हणणं ऐकलं पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२४ च्या निर्देशांत त्यासाठी किमान २१ दिवसांच्या मुदतीची कारणे दाखवा नोटीस आहे. तिचं उत्तर बहुतेक वेळा कंपनीचे सी.ए. किंवा वसुलीची कामं बघणारे वकील लिहितात, तेही रागारागात. पुढे तेच पत्र सीबीआयच्या चार्जशीटला जोडलेलं सापडतं. 'निधी तात्पुरता ग्रुप कंपनीकडे वळवला, पण परत आणला' एवढं एक वाक्य त्यात असलं तरी बचावाचा अर्धा पाया गेला. हे उत्तर फौजदारी वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडू नये.

मग अटक आणि रिमांड. इथे ज्युनिअरचं काम घड्याळाचं आहे. अटक मेमोवरची वेळ, प्रत्यक्ष कार्यालयात बसवून ठेवल्यापासूनची वेळ, मॅजिस्ट्रेटपुढे हजर केल्याची वेळ. २४ तास कुठून मोजायचे यावर वाद होतो. अटकेची कारणं लेखी दिली का, कोणत्या भाषेत, पोच कधीची? पीएमएलएमध्ये (मनी लाँडरिंगविरोधी कायदा, ईडीच्या केस याखालच्या) लेखी कारणं देणं ऑक्टोबर २०२३ च्या पंकज बन्सल निकालापासून बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सर्व गुन्ह्यांना लागू केलं. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी लेखी, आरोपीला समजेल त्या भाषेत. हा मुद्दा पहिल्याच रिमांडला लेखी द्यायचा. नुसता तोंडी मांडला आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या दैनिक नोंदीत) आला नाही, तर तो मांडलाच नाही असं धरा.

मुदतीचा जामीन, म्हणजे चार्जशीट वेळेत आली नाही म्हणून हक्काने मिळणारा, हे दुसरं घड्याळ. पीएमएलएच्या साध्या केसमध्ये कमाल शिक्षा ७ वर्षं, म्हणून मुदत ६० दिवसांची. पोलीस केसमध्ये जुन्या दंड संहितेचं कलम ४०९ (लोकसेवक, बँकर वगैरेंचा विश्वासघात) किंवा ४६७ (मौल्यवान दस्तऐवजाची बनावट) लावलं की जन्मठेपेची तरतूद येते आणि मुदत ९० होते. नुसत्या ४२० च्या प्रकरणात ही कलमं का घुसवली जातात त्याचं एक कारण इथे आहे. मोजताना रिमांडचा पहिला दिवस धरायचा, हे मार्च २०२३ मध्ये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या प्रवर्तकांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी पक्कं केलं. म्हणजे १ जूनला पहिला रिमांड असेल तर ६० वा दिवस ३० जुलै. तोवर चार्जशीट आली नाही तर ३१ जुलैला कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे आणि त्यावर वेळ नोंदवून घेतली पाहिजे. दुपारपर्यंत थांबलात आणि मध्ये चार्जशीट दाखल झाली, की हक्क गेला. अर्ज आदल्या रात्री तयार, सही झालेला, प्रतींसह. मोठमोठ्या चेंबरमध्येही हा दिवस एका ज्युनिअरच्या डायरीवर अवलंबून असतो, म्हणून ही मोजणी दोघांनी स्वतंत्र करावी.

'ईडीमध्ये जामीन होत नाही' हे आता तितकंसं खरं नाही. पीएमएलएच्या कलम ४५ च्या जुळ्या अटी (आरोपी सकृद्दर्शनी दोषी नाही आणि जामिनावर असताना गुन्हा करणार नाही, हे दोन्ही कोर्टाला पटलं पाहिजे) जुलै २०२२ च्या विजय मदनलाल निकालाने टिकवल्या, त्या आजही आहेत. पण मे २०२४ च्या तरसेम लाल निकालानंतर, तपासात अटकच केली नसेल आणि आरोपी समन्सवर विशेष न्यायालयात हजर झाला, तर त्याला जामिनाचा अर्ज करावा लागत नाही, बंधपत्र पुरतं. २०२४ मध्येच खटला रेंगाळल्याच्या कारणावरून मोठ्या राजकीय प्रकरणांत जामीन झाले. शिवाय महिला, आजारी व्यक्ती आणि एक कोटीपेक्षा कमी रकमेचा आरोप असणाऱ्यांना कलम ४५ च्या परंतुकाची सवलत आहे. हे परंतुक वाचायचं राहून गेल्याचे अर्ज आजही दिसतात.

जामिनाच्या घाईत एक चूक फार होते. अर्जात सगळा बचाव ओतला जातो. 'सदर रक्कम हातउसनी होती' असं तिथे लिहिलं, आणि चार्जशीट आल्यावर दिसलं की लेजरमध्ये ती शेअर ॲप्लिकेशन मनी (शेअर घेण्यासाठी भरलेले पैसे) आहे. आता ट्रायलमध्ये ना हे म्हणता येतं, ना ते. चार्जशीट येईपर्यंत जामीन अर्जात वस्तुस्थितीबद्दल जेवढं कमी बोलाल तेवढं बरं. अटकेची गरज नाही, कागद जप्त झालेत, पळून जाण्याची शक्यता नाही, एवढ्यावर राहा.

चार्जशीट वाचायची पद्धत आणि उलटतपासणी यावर वेगळं लिहितो, इथेच फार झालं.

---

ताळेबंद

सी.ए. नसेल तर अडत नाही. ताळेबंद वाचता येत नसेल तर मात्र अडतं. बी.कॉम. पुरेसं आहे, पण ते परीक्षेपुरतं केलं असेल तर पुन्हा करा. कॅश क्रेडिट खात्यात ड्रॉइंग पॉवर कशी काढतात, महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट कसं असतं, एलसी डिव्हॉल्व्ह होणं म्हणजे काय, लेजर आणि बँक स्टेटमेंटचा मेळ कसा घालतात, एवढं हाताने करून पाहा.

फॉरेन्सिक ऑडिट रिपोर्टमध्ये काय बिघडतं त्याचा एक नमुना देतो. कंपनी 'अ'च्या खात्यातून २ कोटी 'ब'ला गेले, 'ब'कडून 'क'ला, तिथून परत 'अ'ला. असं वर्षात सहा वेळा झालं. ऑडिटर फक्त 'अ'च्या डेबिट बाजूची बेरीज मारतो: १२ कोटी वळवले. क्रेडिट बाजूला तेच १२ कोटी परत आलेले असतात, ते दुसऱ्या परिशिष्टात 'सर्क्युलर ट्रान्झॅक्शन' म्हणून वेगळे दाखवलेले. फिरता पैसा कोणत्याही दिवशी २ कोटींच्या वर नव्हता. आता १२ कोटी हा आकडा एफआयआरमध्ये, तिथून ईडीच्या ईसीआयआरमध्ये (ईडीची एफआयआरसारखी अंतर्गत नोंद), तिथून मालमत्ता जप्तीच्या आदेशात जातो. सगळ्या पुढच्या इमारती त्या एका बेरजेवर. म्हणून पहिलं काम हे की एक्सेलमध्ये तारीखवार सगळ्या नोंदी स्वतः भरायच्या आणि रोजची शिल्लक काढायची. कंटाळवाणं आहे, दोन-तीन आठवडे जातात, पण केस कुठे आहे ते त्यातच कळतं. (फिरवाफिरव निर्दोष असते असं मी म्हणत नाही. खोटी उलाढाल दाखवायलाही ती करतात. पण मग आरोप वेगळा आहे आणि रकमेचं गणितही वेगळं.)

दुसरं, ऑडिट रिपोर्टच्या पहिल्या चार पानांत 'मर्यादा' नावाचं प्रकरण असतं. तिथे ऑडिटर लिहून ठेवतो की माहिती बँकेने दिली तशी घेतली, मूळ व्हाउचर पाहिलेली नाहीत, हा रिपोर्ट अमुक कामासाठीच आहे. ते पान ठळक करून ठेवा. ऑडिटर साक्षीला आला की उलटतपासणीची सुरुवात तिथून होते. त्याने किती व्हाउचर पाहिली, सॅम्पल कसं निवडलं, कंपनीच्या लोकांना खुलासा विचारला का, वर्किंग पेपर कुठे आहेत.

बँक स्टेटमेंटच्या प्रिंटआउटवर बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखालचं प्रमाणपत्र आहे का तेही बघायचं. आणि संगणकातल्या पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब, आताचं भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३. प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे २०२० मध्ये ज्या खोतकर निकालाने पुन्हा पक्कं झालं ते प्रकरण आपल्या जालना विधानसभेच्या निवडणुकीचं. नव्या नमुन्यात भाग 'अ' आणि भाग 'ब' आहेत, दुसरा तज्ज्ञाच्या सहीचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा किंवा डिस्कचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. जप्ती पंचनाम्यात हार्ड डिस्कची हॅश नाही आणि कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये आहे, तर मधल्या काळात डिस्क तीच आणि तशीच होती हे कशावरून, हा प्रश्न उरतो. पण प्रमाणपत्र नाही म्हणून केस पडेल या भरवशावर राहू नका. सरकारी पक्ष नंतरही ते आणू शकतो आणि कोर्ट बहुधा परवानगी देतं.

---

जुना_रोजनामा

आता चार्जशीट. आर्थिक केसची चार्जशीट गठ्ठ्यांनी येते, हजारो पानं. पहिल्या पानापासून कादंबरीसारखी वाचायला बसाल तर दमाल आणि हाती काही लागणार नाही.

आधी फक्त कलमं. ईडीची केस असेल तर मूळ गुन्ह्यातलं कोणतं कलम पीएमएलएच्या अनुसूचीत आहे? ४२०, ४६७, ४७१ (बनावट कागद वापरणं) आहेत. विश्वासघाताची ४०६ आणि ४०९ नाहीत. नुसत्या १२०-ब (कट) वर केस उभी असेल तर नोव्हेंबर २०२३ च्या पावना डिब्बूर निकालाप्रमाणे तो कट अनुसूचित गुन्ह्याचाच असायला हवा. आणि मूळ गुन्हाच रद्द झाला किंवा त्यात दोषमुक्ती मिळाली, तर ईडीची केसही उभी राहत नाही. म्हणून हुशार चेंबर आधी मूळ गुन्ह्यावर घाव घालतं. एकाच व्यवहारावर फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही लावलेत का, हेही बघा. एकात मालमत्ता घेतानाच दगा, दुसऱ्यात आधी रीतसर सोपवली आणि नंतर गिळली. त्याच गोष्टीवर दोन्ही टिकत नाहीत, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पोलिसांना आणि मॅजिस्ट्रेटांना बजावलंय.

मग दस्तऐवजांचा तक्ता. प्रत्येक कागदापुढे लिहायचं, की मूळ आहे की झेरॉक्स, कोणत्या पंचनाम्याने किंवा कोणत्या पत्राने तपास अधिकाऱ्याकडे आला, सही कोणाची, आणि तो सिद्ध करायला कोणता साक्षीदार यादीत आहे. शेवटचा रकाना अनेक ठिकाणी रिकामा राहतो. सँक्शन नोटवर पाच सह्या, त्यातले तीन अधिकारी निवृत्त, आणि साक्षीदारांच्या यादीत सहावाच कोणीतरी. हा रिकामा रकाना कोणाला दाखवायचा नाही. दोषमुक्तीच्या अर्जात (साक्षी सुरू होण्याआधीच आरोपातून वगळा, असा अर्ज) तो मांडलात की सरकारी पक्ष पुरवणी चार्जशीट आणून भोक बुजवतो.

जे कागद तपासात घेतले पण चार्जशीटला लावले नाहीत, त्यांची यादी मागा. मे २०२५ च्या निकालाने पीएमएलएमध्येही ही यादी मिळण्याचा हक्क मान्य केलाय. आरोपीला उपयोगी कागद बहुधा त्याच ढिगात असतात. बँकेचे अंतर्गत तपासणी अहवाल, शाखेच्या भेटीच्या नोंदी, कंसोर्टियमच्या (मिळून कर्ज देणाऱ्या बँकांच्या) सभांची इतिवृत्तं.

नव्या फौजदारी संहितेने (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) दोन मुदती आणल्यात, त्या लक्षात ठेवा. दोषमुक्तीचा अर्ज ६० दिवसांत (मॅजिस्ट्रेटकडच्या केसमध्ये प्रती मिळाल्यापासून, सत्र न्यायालयात केस वर्ग झाल्यापासून). आणि कलम ३३० खाली कागद मान्य की अमान्य हे प्रती मिळाल्यापासून ३० दिवसांत सांगायचं, कोर्ट मुदत वाढवू शकतं. इथे आळसाने 'सर्व अमान्य' किंवा त्याहून वाईट, 'सर्व मान्य' अशी पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) देऊन मोकळे होतात. प्रत्येक कागदाला वेगळं उत्तर द्या. स्वतःला हवा तो कागद असेल तर 'अस्सलपणा मान्य', बाकी ठिकाणी 'अस्सलपणा मान्य, मजकूर मान्य नाही' हेही चालतं. १ जुलै २०२४ च्या आधी सुरू झालेल्या खटल्यांना जुनीच संहिता आहे, तिथे या मुदती शोधत बसू नका. ईडीच्या नव्या तक्रारींत मात्र नव्या संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला ऐकावं लागतं. ही संधी फुकट घालवू नका आणि तिथे पत्तेही सगळे उघडू नका.

पुराव्याच्या वेळी हरकत. झेरॉक्स दाखवून साक्षीदाराने 'हो, हाच कागद' म्हटलं आणि कोर्टाने निशाणी (पुराव्याचा क्रमांक) दिली. त्या क्षणी हरकत नोंदवली नाही तर सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दलची तक्रार अपिलात कोणी ऐकत नाही. उठायचं, एका वाक्यात हरकत सांगायची, ती साक्षीत टाइप झाली का ते पडद्यावर बघायचं, बसायचं. वाद घालायचा नाही. आणि उलट बाजूची चूक अशी की वकील स्वतःच उलटतपासणीत असिद्ध कागद साक्षीदाराच्या हातात देतो आणि तो सिद्ध करून घेतो. सरकारी वकील मनातल्या मनात पेढे वाटतात.

बँक अधिकाऱ्याची उलटतपासणी कशी बांधतात ते थोडं सांगतो. फसवणुकीत पहिल्यापासून दगा देण्याचा हेतू लागतो. म्हणून प्रश्न कर्ज बुडाल्यावरचे नसतात, आधीचे असतात. मंजुरीपूर्वी शाखेने जागेची पाहणी केली होती? अहवाल समाधानकारक होता? कर्ज पहिल्या वर्षी नूतनीकरण झालं? नूतनीकरणाच्या नोटमध्ये 'खात्याचं वर्तन समाधानकारक' असा शेरा आहे? स्टॉक ऑडिट बँकेने नेमलेल्या फर्मने केलं? त्या अहवालात तफावत दाखवली होती? स्टॉक स्टेटमेंट दरमहा येत होती, त्यांवर शाखेने एकदाही लेखी हरकत घेतली का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही'त, आणि प्रत्येक उत्तराचा कागद तुमच्या टेबलावर. ज्याचा कागद नाही तो प्रश्न विचारायचा नाही. 'मग बँकेने तक्रार का केली?' हा प्रश्न जिभेवर येतो, तो गिळायचा. त्या 'का'चं उत्तर साक्षीदार दहा मिनिटं देतो आणि आधीचं सगळं धुऊन टाकतो.

जबाबातली विसंगती आणताना मूळ जबाबातला तेवढाच भाग साक्षीदाराला दाखवायचा. तो 'असं मी सांगितलं नव्हतं' म्हणाला की तो भाग पोर्शन मार्क 'ए' करून घ्यायचा. नंतर तपास अधिकारी साक्षीला येईल तेव्हा त्याच्याकडून तो सिद्ध करून घ्यायचा. दोन साक्षींमध्ये तीन-चार वर्षं जातात, वकील बदलतात, आणि तपास अधिकाऱ्याला तो प्रश्न विचारायचाच राहतो. मग विसंगती कागदावर असून नसल्यासारखी. यासाठी तपास अधिकाऱ्याच्या नावाचं वेगळं पान पहिल्या दिवसापासून ठेवा आणि प्रत्येक पोर्शन मार्क त्यावर उतरवत जा.

ईडीने पीएमएलएच्या कलम ५० खाली घेतलेल्या जबाबाला हे पोलिसी जबाबाचे नियम लागत नाहीत. तो अधिकारी पोलीस नाही असं धरलं गेलंय, त्यामुळे जबाब पुराव्यात येतो. म्हणून समन्सला जाण्याआधीची तयारी महत्त्वाची. कागद वाचून मगच सही, आठवत नसेल तर 'रेकॉर्ड पाहून सांगतो', आणि दबाव आला असेल तर तो मागे घेण्याचं पत्र पहिल्या शक्य तारखेला, सहा महिन्यांनी नव्हे. रात्रभर बसवून जबाब घेण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये झोपेच्या हक्काचा दाखला देऊन नाराजी नोंदवली आहे.

---

कृष्णाकाठ

जिल्ह्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. सांगली, कोल्हापूर, नाशिक, जळगाव पट्ट्यात आर्थिक गुन्हा म्हणजे पतसंस्था, सहकारी बँक, नाहीतर भिशी-गुंतवणूक योजना. ईडी क्वचित. पण ट्रायल शिकायला ही जागा मुंबईपेक्षा वाईट नाही, कारण इथे ज्युनिअरच्या हातात साक्षीदार लवकर येतो.

पतसंस्थेच्या केसची चावी सहकार कायद्यात असते. लेखापरीक्षक अपहार आढळला की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१(५ब) खाली स्वतः फिर्याद देतो. त्याच आधारावर कलम ८८ ची नुकसान निश्चितीची चौकशी वेगळी चालते. या दोन फायली एकत्र वाचायच्या. ८८ च्या चौकशीत संचालकाने दिलेला खुलासा फौजदारी खटल्यात समोर येतो, आणि चौकशी अधिकाऱ्याने त्याच संचालकावर जबाबदारी शून्य ठेवली असेल तर तो अहवाल दोषमुक्तीला कामी येतो. कोणत्या सभेला कोण हजर होतं हे इतिवृत्तावरून काढा. कर्ज मंजुरीच्या ठरावाला गैरहजर असलेला संचालकही सरसकट आरोपी केलेला असतो.

एमपीआयडी लागला की दोन गाड्या सुटतात. एक फौजदारी खटला, दुसरी मालमत्ता जप्तीची. जप्तीच्या बाजूकडे फौजदारी वकील दुर्लक्ष करतात आणि नोटिशीला हरकत दाखल करायची राहते. मग घर सासऱ्यांच्या पैशांतून घेतलं होतं हे सांगायला ठिकाणच उरत नाही. ठेवीदार कोर्टात भरलेले असतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. उलटतपासणीत म्हाताऱ्या ठेवीदाराला 'जास्त व्याजाच्या लोभाने पैसे ठेवले ना?' असं विचारणारे वकील पाहिलेत लोकांनी. त्यातून कायद्याचा मुद्दा एकही निघत नाही, न्यायाधीशांचा चेहरा मात्र बदलतो. ठेव पावती मान्य करा, व्याज किती महिने मिळालं ते घ्या, ठेव ठेवताना आरोपीशी बोलणं झालं होतं का ते घ्या, आणि सोडा.

---

खतावणी

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. जुना_रोजनामा सर, कृष्णाकाठ ताई, एकच उरलं. स्वतःच्या नावावर ट्रायल येईपर्यंत पोट कसं भरायचं? आणि फीबद्दल, आरोपीचा पैसाच जप्त असेल तर?

---

किल्लाकोर्ट_लोकल

पोटाचं आधी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलंय. सुचवलंय, बंधन नाही. बऱ्याच चेंबरमध्ये यापेक्षा कमीच मिळतं, काही ठिकाणी नुसता चहा. चेंबर निवडताना विचारा की साक्षी चालू असलेले खटले किती आहेत. फक्त जामीन आणि उच्च न्यायालयातल्या रिट असतील तर तिथे मसुदा शिकाल, साक्षीदार दिसणार नाही. सनदेच्या खर्चाचा बाऊ आता नको, जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणी शुल्क सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांच्या वर घेता येत नाही.

स्वतःची कामं म्हणून चेक न वटल्याची प्रकरणं घ्या, कलम १३८. लोक नाक मुरडतात, पण उलटतपासणीची शाळा हीच. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. आरोपीकडून असाल तर या तारखा आधी तपासा, मग फिर्यादीने एवढी रक्कम दिली तर ती त्याच्या आयकर विवरणात दिसते का ते. चेक देणं फेडायलाच दिला हे गृहीतक फिर्यादीच्या बाजूने असतं, ते खोडायला खात्रीचा पुरावा नको, शक्यता उभी केली तरी पुरतं. आठवड्याला दोन उलटतपासण्या अशा केल्या की वर्षभरात 'का' विचारायची खोड जाते.

फी. कोणाच्या खात्यातून येते ते पहिल्या दिवशी विचारा आणि लिहून ठेवा. जप्त किंवा गोठवलेल्या खात्यातून घ्यायची नाही. कोर्टाची परवानगी लागते आणि तोवर दुसऱ्या कोणी, उदाहरणार्थ भावाने, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत द्यावी. रोख नको. दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहेच, पण त्याखालची रोखही अशा केसमध्ये डोकेदुखी होते. पावती द्या, कामाची व्याप्ती लिहिलेलं पत्र द्या: रिमांड आणि जामीन वेगळं, ट्रायल वेगळी, उच्च न्यायालय वेगळं. हे पत्र नसलं की जामीन झाल्यावर अशील फोन उचलत नाही आणि वकीलपत्र तुमच्या नावावर तसंच राहतं.

कंपनी, तिचे एमडी आणि अकाउंट्स मॅनेजर एकत्र येऊन म्हणतील, तुम्हीच सगळ्यांचं बघा. नका घेऊ. आज एकी असते. तीन महिन्यांनी अकाउंट्स मॅनेजर माफीचा साक्षीदार व्हायला तयार होतो, आणि त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं सगळं तुमच्या डोक्यात असतं. मग तिघांचंही वकीलपत्र सोडावं लागतं. पहिल्याच बैठकीत मॅनेजरला वेगळा वकील घ्यायला सांगा, आणि त्याची फी कंपनी देणार असेल तर तसं लेखी, पण सूचना त्याच्याच.

अशिलाची मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह चेंबरमध्ये ठेवून घेऊ नका. प्रती घ्या, मूळ परत करा, पोच घ्या. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालाने वकिलाला केसच्या माहितीसाठी थेट समन्स काढायला आळा घातला. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ (वकील-अशील गोपनीयता) मधला अपवाद असेल तरच, आणि तेही पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या वरिष्ठाच्या लेखी संमतीने. पण ते संरक्षण बोलण्याला आहे, कपाटातल्या कागदांना तसंच नाही. आणि कंपनीत पगारावर असलेल्या वकिलाला ते कलम १३२ खाली मिळत नाही असंही त्याच निकालात म्हटलंय. म्हणजे पुढे कधी कंपनीच्या लीगल खात्यात नोकरी घेतलीत, तर तिथल्या ईमेलमध्ये काय लिहिता ते या हिशोबाने लिहा.

एक राहिलं. परीक्षा संपल्यावर महिनाभर रोज मुंबईत फोर्टला सत्र न्यायालयात जाऊन विशेष कोर्टांच्या मागच्या बाकावर बसा. बोर्डावर (त्या दिवसाच्या केसच्या यादीत) 'पुराव्यासाठी' लिहिलेल्या केस बघायच्या, 'जामिनासाठी' लिहिलेल्या सोडून द्यायच्या. परवानगी लागत नाही, मोबाइल बंद ठेवा. पांढरा शर्ट-काळी पँट घालू नका, बेंच क्लार्क तारीख घ्यायला तुम्हालाच हाक मारतील.